एकतीस रिजेक्ट मग
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर तुम्ही कधी चहाला आलात तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. इथे सगळ्यांकडे सारखाच मग आहे. गडद हिरवा, त्यावर रणगाड्याची रेघांची आकृती आणि खाली 'पुनर्भेट, भिंगार'. जरा निरखून बघितलंत तर दिसेल की कुणाच्या मगाचा रंग कानापाशी फिका आहे, कुणाचा बुडाशी, कुणाच्या मधोमध ढग आल्यासारखे डाग आहेत, आणि काही मग तर हिरवे नाहीतच. शेवाळ वाळल्यावर दिसतं तसे तपकिरी आहेत. रेक्टर सरांनी एकदा विचारलं होतं, "काय रे, तुमचा अख्खा मजला एनसीसीत कधी गेला?" तेव्हा सगळे हसले आणि मी गप्प बसलो. कारण ते एकतीस मग मीच आणलेत, आणि त्यातल्या नऊ तपकिरी मगांना तर पूर्णपणे मीच जबाबदार आहे.

माझ्या मामाचा भिंगारला फोटो स्टुडिओ आहे. बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो, भिंगार म्हणजे नगरला खेटून असलेलं छावणीचं गाव. (२०२४ मध्ये जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण रिक्षावाला अजून "नगर, नगर" असंच ओरडतो, तेव्हा मीही इथे नगरच म्हणतो.) आर्मर्ड कोअरचं केंद्र इथलं, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथलं, आणि १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही इथलंच. त्यामुळे मामाच्या स्टुडिओला एके काळी गिऱ्हाइकांची कमी नव्हती. नवा भरती झालेला पोरगा पहिल्यांदा गणवेश घातला की आईला पाठवायला फोटो काढायचाच. बदली झाली की ग्रुप फोटो, निवृत्ती आली की ग्रुप फोटो. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरावाला मोबाईल आला आणि स्टुडिओत उरले फक्त पासपोर्ट फोटो. तेही हळूहळू आटले. दोन वर्षांपूर्वी मामानं कर्ज काढून मग छापायचं मशीन, त्याचा प्रिंटर आणि शाई घेतली. वाढदिवसाचे मग, 'बेस्ट डॅड'चे मग, भुईकोट किल्ल्याचे मग, चांदबिबी महालाचे मग. (तो महाल मुळात सलाबतखानाची कबर आहे, पण मगावर तसं छापलं तर कोण घेणार?) बरं चाललं होतं.

आता हे मग छापतात कसे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. देवघरातला कापूर उघडा ठेवला की हळूहळू नाहीसा होतो; ओला होत नाही, वितळत नाही, सरळ हवेत जातो. शाळेत आपण त्याला संप्लवन म्हणून पाठ केलं. मगाच्या शाईतले रंगही तसेच. विशिष्ट कागदावर चित्र उलटं छापायचं, तो कागद मगाभोवती उष्णता सोसणाऱ्या टेपनं घट्ट गुंडाळायचा आणि मग मशीनच्या पट्ट्यात आवळायचा. पट्टा म्हणजे आत हीटर आणि वरून सिलिकॉन रबर. १८० ते २०० अंशांच्या आसपास रंगाची वाफ होते. मगावर पॉलिएस्टरसारखा पातळ लेप दिलेला असतो, तापल्यावर तो रंगाला आत घेतो, आणि गार झाला की रंग आतच अडकतो. म्हणून घासला तरी निघत नाही. साध्या मगावर हे होत नाही, कारण चिनीमातीला या रंगाशी काही देणंघेणं नाही. आजोबांच्या टेरिकॉटच्या शर्टातलं टेरिलीन हेही पॉलिएस्टरच. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी ते शोधलं. आजोबांचा शर्ट आणि माझा मग नात्यातले निघाले!

तर गेल्या एप्रिलमध्ये मामाला त्याच्या धंद्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली. एकाच तुकडीतून निवृत्त झालेले जवान मे महिन्यात भिंगारला भेटणार होते, त्यांच्यासाठी बहात्तर मग. ठरवायला आलेले गृहस्थ निवृत्त सुभेदार. पांढऱ्या मिशा, सायकल, आणि बोलणं मोजकं. "चारी बाजूंनी हिरवा पाहिजे. गणवेशाचा हिरवा. मधे पांढरं काही नको." मामानं पुण्याहून छत्तीस-छत्तीसचे दोन खोके मागवले. माझी पी.एल. चालू होती आणि हॉस्टेलची मेस बंद, म्हणून मी अभ्यासाला मामाकडे. डिझाइन मीच केलं. अभ्यास किती केला ते विचारू नका.

पहिले वीस मग छापून सुभेदारसाहेबांना दाखवले. त्यांनी ते काउंटरवर ओळीनं मांडले. ट्यूबच्या उजेडात ठीक दिसत होते. मग त्यांनी एकेक उचलून दाराबाहेर उन्हात नेला, फिरवून बघितला आणि परत आणून ठेवला. चौदा एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला. चौदातला एक उचलून मामाला म्हणाले, "ही बाजू उन्हात ठेवली होती काय?"

खरंच, कानाच्या दोन्ही अंगांना बोटभर पट्टा फिका होता. बुडाशी तर हिरव्याचा पोपटी झाला होता. मामा म्हणाले, "बदलून देतो साहेब." सुभेदारसाहेब म्हणाले, "तारीख बदलत नाही," आणि सायकलवर बसून गेले.

आता सांगतो माझा पराक्रम. त्या सेमिस्टरला आम्हाला हीट ट्रान्सफर होतं, आणि इंटर्नलला मला बरे मार्क होते. मामांनी विचारलं, "काय रे इंजिनिअर, काय झालं असेल?" मी मशीनकडे एकदासुद्धा न बघता म्हणालो, "मामा, उष्णता कमी पडतीय. १९०चं २१० करा, आणि वेळ दीड पट." मामांनी केलं. भाचा शिकलेला आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? नऊ मग एकामागून एक काढले. कानाजवळचा फिका पट्टा थोडा सुधारला, पण मधला हिरवा करपून तपकिरी झाला आणि रणगाड्याच्या रेघा फुटल्या. तोफ तर केसाळ दिसायला लागली. एक मग फसल्यावर थांबायला हवं होतं हे मला कळतं. पण "पुढचा बघू, पुढचा बघू" करत नऊ झाले.

मामा काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. रात्री मामी स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणत होती की भिशीचा नंबर या महिन्यात घेऊन टाकते, त्यात आणखी एक खोका येईल. मामा म्हणाले, शाईच बदलून बघू, शाईच खराब आली असणार. ती शाई मगांपेक्षा महाग. मी पांघरुणात सगळं ऐकत होतो. बहात्तरपैकी तेवीस मग वाया, सहा चांगले, त्रेचाळीस कोरे, आणि हातात अकरा दिवस.

दुसऱ्या दिवशी उत्तर सापडायला सुरुवात झाली ती माझ्यामुळे नाही, मामीमुळे. वापरलेले कागद मामी फेकत नाही. फडताळात चपला ठेवायच्या कप्प्यात अंथरते. नवे कागद अंथरता अंथरता म्हणाली, "हे बघ, या कागदांची कडच तेवढी हिरवीगार राहती. मधलं उडून गेलंय." मी कागद हातात घेतला आणि डोक्यात उजेड पडला. जो रंग मगात गेला नाही तो जाणार कुठे? कागदावरच राहणार! मगावर जिथे फिकं, कागदावर तिथे गडद. म्हणजे शाई चांगली होती, पुरेशी होती, फक्त तिथून निघालीच नव्हती. शाईची बाटली मागवायचं त्याच क्षणी रद्द झालं.

त्या दिवसापासून प्रत्येक मगाचा कागद मी त्याच मगात गुंडाळून ठेवायला लागलो, पेशंटच्या फाइलीसारखा. सगळे कागद भिंतीला लावल्यावर कळलं की आजार एक नाही, चार आहेत, आणि आपण चौघांनाही एकच गोळी देत होतो.

पहिला प्रश्न, दोष मगाचा की मशीनचा? यासाठी केलेली युक्ती फार साधी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. एक मग मशीनमध्ये नेहमीसारखा लावला आणि दुसरा उलटा, बूड वर करून. दोष मगात असता तर फिका पट्टा दोन्ही वेळा बुडाशीच आला असता. पण उलट्या मगाला तो काठापाशी आला, म्हणजे मशीनच्या खालच्याच बाजूला. मामांच्या दोन वर्षांच्या सवयीनं मग पट्ट्यात अगदी तळापर्यंत सरकवला जायचा. पट्ट्याच्या कडेला आतली तार संपते, तिथे नुसतं रबर. मगाचा खालचा भाग रोज त्या थंड कडेला बसत होता.

पण हे नुसतं डोक्यात. मोजल्याशिवाय खरं कशावरून? सकाळी पहिल्या बसनं कॉलेजला आलो आणि हीट ट्रान्सफर लॅबच्या काकांना थर्मोकपल मागितला. काका म्हणाले, "सबमिशनला तुम्ही लोक हा सापडत नाही म्हणता, आणि आता सुट्टीत पाहिजे?" सरांची सही आणा म्हणाले. सरांना सगळं सांगितलं. सरांनी सही केली आणि एवढंच विचारलं, "कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स म्हणजे काय?" मी व्याख्या धडाधड म्हटली. सर म्हणाले, "आता जाऊन बघून ये."

मशीनच्या पडद्यावर १९० दिसत असताना मगाच्या अंगावर, कागदाखाली, मधोमध १८६ आले. बुडाशी १६३. कानाच्या उजव्या अंगाला १७१ आणि डाव्या अंगाला १५८! पडदा खोटं बोलत नव्हता, पण तो फक्त एका जागेचं सांगत होता, जिथे त्याचा सेन्सर आहे तिथलं. मी २१० करा म्हणालो तेव्हा बुडाला जेमतेम पुरेशी उष्णता मिळाली आणि मधल्या भागाची होळी झाली. सरासरी वाढवून कमी पडणाऱ्याचं भलं होत नाही, हे आमच्या वर्गाच्या निकालावरूनही मला कळायला हवं होतं.

बुडाचा उपाय दहा मिनिटांत झाला. सुताराकडून बारा मिलिमीटर प्लायवुडचा तुकडा आणून मगाखाली ठोकळा ठेवला. मग वर सरकला, पट्ट्याच्या मधोमध आला. बुडाशी १८१.

कानाजवळचं प्रकरण किचकट. व्हर्नियरनं मगाचा व्यास ८२ मिलिमीटर आला, म्हणजे परीघ २५८च्या आसपास. कानाच्या जागेत पट्ट्याची दोन टोकं एकमेकांना भेटत नाहीत, मधे फट राहते. मी हौसेनं डिझाइन कानाला खेटून २१५ मिलिमीटर लांब केलं होतं. टोकाला पट्टा मगावर नीट दाबला जात नाही, कागद आणि मग यांच्यात हवा राहते. केसाएवढीच हवा, पण हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ०.०२६, चिनीमातीच्या मानानं काहीच नाही. केसाएवढी हवा म्हणजे उष्णतेला भिंतच की! हाच तो कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स. परीक्षेत त्याला मी दोन मार्क समजत होतो. डिझाइन २०० मिलिमीटरवर आणलं आणि कडा सरळ न ठेवता कानाकडे विरत जाणारी केली, म्हणजे फिकेपणा आला तरी तो मुद्दाम केल्यासारखा दिसावा. (याला लबाडी म्हणा हवं तर. मामा याला डिझाइन म्हणतात.) डावी बाजू तरीही मागेच राहिली. तिथे बोट फिरवलं तर रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा गेलेल्या. नवा पट्टा येईपर्यंत दाबाचा स्क्रू एक फेरा आवळला आणि प्रत्येक मग अर्ध्या वेळानंतर काढून, कान किंचित डावीकडे सरकवून परत लावायचा प्रयोग करून पाहिला. हा प्रयोग मात्र करू नका. कागद सरकतो आणि चित्राला भूत लागतं, एका रणगाड्याचे दोन दिसतात. दोन मग त्यात गेले. शेवटी नव्या पट्ट्याचे पैसे मी माझ्या मेसच्या परताव्यातून दिले. मामा नको म्हणत होते. पण नऊ मगांचं माझ्या डोक्यावर होतंच.

मधले ढगासारखे डाग कशाचे ते सगळ्यात उशिरा कळलं, आणि ते कळल्यावर मी आणि मामा दुकानात बसून हसलो. ते डाग फक्त दुपारच्या मगांना यायचे. दुपारी काय वेगळं व्हायचं? एप्रिलमधलं नगरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी कूलर लागायचा. आणि कागदाचा गठ्ठा उघडा, बरोब्बर कूलरसमोर! आधीच छपाईचा कागद ओलावा धरतो, त्यात दोन-दोन तास ओला वारा. मशीनमध्ये गेला की आतलं पाणी आधी वाफ होऊन उसळायचं आणि रंगाला जागोजागी ढकलून द्यायचं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवला, आणि छापलेला कागद गुंडाळण्याआधी गरम पट्ट्याजवळ मिनिटभर धरला. ढग गेले. कूलर मात्र मामीनं बंद करू दिला नाही.

राहिला चौथा. दिवसाचा पहिला मग नेहमी फिका आणि सातवा-आठवा जास्त गडद, हे मामांनाही माहीत होतं. "मशीनला अंगात यायला वेळ लागतो" असं ते म्हणायचे, आणि बरोबरच होतं ते. पडद्यावर आकडा आला तरी अख्खं रबर तापलेलं नसतं. त्यातून संध्याकाळी मी मल्टिमीटर लावून बघितलं तर विजेचा दाब २३०च्या जागी १८०! हीटरची शक्ती दाबाच्या वर्गावर जाते. १८० भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे ०.६१. संध्याकाळी आमचं मशीन पाऊणही नाही, साठ टक्केच मशीन होतं. थंड मग आत गेला की ते पुन्हा वर यायला धापा टाकायचं. मग ठरलं, छपाई सकाळी सहा ते अकरा. आधी पंधरा मिनिटं मशीन तापवायचं, त्यात एक जुना मग लावून काढायचा, आणि मगच खरे. दोन मगांमधलं अंतर रोज सारखं. चहा प्यायला उठायचं नाही; प्यायचा तर मशीनपाशी उभं राहून.

एक गोष्ट मला अजून चटका लावते. हे चारही दोष मशीन आणल्यापासून होतेच. पण वाढदिवसाच्या मगावर मधे फोटो आणि भोवती पांढरं असतं. बुडाशी पांढरं फिकं झालं तर दिसणार कसं? दोन वर्षं मामा दिवसाला चार-पाच मग छापत होते आणि मशीन प्रत्येकावर आपलं दुखणं लिहीत होतं, पांढऱ्यावर पांढऱ्यानं. सुभेदारसाहेबांनी हिरवा मागितला म्हणून ते वाचता आलं.

भिशीच्या पैशांचा खोका आला. सहा दिवस आम्ही तिघं पहाटे उठत होतो. मामा मशीनवर, मामी कागद कापून टेप लावायला, मी मोजायला आणि वहीत लिहायला. १९० अंश, १८० सेकंद, ठोकळा, स्क्रू इतके फेरे. मामीचं टेप लावणं आमच्या दोघांपेक्षा चांगलं, कारण ती कागद साडीच्या निरीसारखा ओढून घेते, सुरकुती राहत नाही.

ठरलेल्या दिवशी सुभेदारसाहेब सायकल न घेता टेम्पो घेऊन आले. बहात्तर मग. पुन्हा तीच परेड. एकेक मग दाराबाहेर, उन्हात, पूर्ण फेरी, परत. पाऊण तास लागला. मामा काउंटरमागे उभे, हात पाठीमागे, जसे काही तेच भरतीला आलेत. शेवटी तीन बाजूला निघाले. त्यांच्या डाव्या कडेला अगदी पुसट रेघ होती, जी मलाही दिसली नव्हती. मामांनी न बोलता शिलकीतले तीन काढून दिले. साहेबांनी तेही उन्हात नेले. मग खिशातून पैसे काढले, मोजले, आणि मला विचारलं, "तू शिकतोस काय?" मी म्हणालो, "मेकॅनिकल." म्हणाले, "रणगाड्याची चेन एक कडी कमी काढलीस." टेम्पो निघून गेला.

मी लगेच कडया मोजल्या. खरंच कमी होती. बहात्तरही मगांवर.

थर्मोकपल मी सही करून परत केला. लॅबच्या काकांना एक फिका मग दिला, ते त्यात पेनं ठेवतात. चौदा परतीचे, नऊ माझे, पाच प्रयोगातले आणि शेवटचे तीन, असे एकतीस मग मामी फेकू देईना आणि मामांना डोळ्यासमोर नको होते, म्हणून मी गोणीत भरून हॉस्टेलला आणले. काकांचा एक गेल्यावर रूम नंबर २१४मधल्या एकाला मग मिळाला नाही. तो अजून स्टीलच्या पेल्यातून चहा पितो आणि मामांची पुढची ऑर्डर कधी बिघडतीय ते विचारत असतो.

मशीन तापवायला रोज सकाळी लावतात तो जुना मग मात्र भिंगारलाच आहे. त्यावर वापरलेला कुठलाही कागद गुंडाळतात, आणि कागदावर उरलेला रंग रोज थोडा थोडा त्यात उतरतो. हिरव्यावर वाढदिवस, वाढदिवसावर लग्न, लग्नावर किल्ला. परवा गेलो तेव्हा तो जवळजवळ काळा झाला होता. उन्हात धरला तर आत कुणाचं तरी बाळ दिसतं.